उसना गडी

सर,

परवा आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मी माईक हातात घेऊन पाचशाळेचा इतिहास सांगितला. वर्गात उभं राहून स्वतःचं नाव सांगतानाही जिला घाम फुटायचा, ती पोरगी सगळ्या गावासमोर बोलली हे ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता. पुढचं ऐकून मात्र हसला नसता. जे बोलायला हवं होतं तेवढंच सोडून मी बाकी सगळं बोलले आणि घरी आल्यापासून मला माझीच लाज वाटते आहे. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला लिहिणं तसं सोपं आहे, तुम्ही काही उलट विचारणार नाही.

हल्लीच्या मुलांना पाचशाळा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, दिग्रसच्या आसपासच्या पाच लहान शाळा. एकेका शाळेत पोरी इतक्या कमी की खो-खोचा संघ उभा करायला घराघरांतून, चुलीपुढून पोरी उठवून आणाव्या लागायच्या. तालुक्याच्या स्पर्धेला आम्ही सकाळी जायचो आणि दुपारच्या एसटीनं हात हलवत परत यायचो. तुम्ही सायकलवर पाचही गावं पालथी घातली, हेडमास्तरांची मनधरणी केली आणि कापसाची वेचणी आटोपली की आपसातच सामने भरवायचे असं ठरवून टाकलं. कप वगैरे कुठला आलाय! तुम्ही कुठून तरी एक जुनी पितळी घंटा पैदा केली. जी शाळा जिंकेल तिच्या व्हरांड्यात ती वर्षभर टांगायची आणि शाळा भरण्याचे टोल तिच्यावरच द्यायचे. आपल्या शाळेत ती इतकी वर्षं होती की ती आपल्याच मालकीची आहे असं आम्ही धरून चाललो होतो. हे ऐकून पोरं हसली, टाळ्याही पडल्या. मला चेव आला.

मग मी उसन्या गड्याची गोष्ट सांगितली, कारण पाचशाळेचा खरा जीव तिथेच होता. खेळायला नऊ जणी लागायच्या आणि कुणाकडे आठच निघायच्या, कुणाची पोरगी तापानं पडलेली, कुणाची लग्न होऊन गेलेली. अशा वेळी समोरच्या शाळेनं आपली एक पोरगी उसनी द्यायची हा तुमचा नियम. तीही लिंबू-टिंबू नाही द्यायची, चांगली खेळणारी द्यायची. त्या पोरीनं आधी ज्यांच्याकडून खेळायचं त्यांच्या पंगतीला बसायचं, त्यांच्या डब्यातलं खायचं आणि मग मैदानात उतरायचं. दरवर्षी पहिल्या सामन्याआधी तुम्ही सगळ्यांना एकदाच सांगायचात, "ज्याइच्या डब्यातलं खाल्लं त्याइच्याकडूनच खेळाचं. जीव लावून. नाही तर जेवाले बसू नका." एवढंच. त्यानंतर कुणाच्या कानात तुम्ही काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी नववीत होते त्या वर्षी घंटेचा सामना आपल्या पटांगणावर झाला, आपली शाळा आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची शाळा यांच्यात. यजमान शाळेच्या सरांनी शिट्टी घ्यायची या रिवाजाप्रमाणे शिट्टी तुमच्याकडे. तांड्याची एक पोरगी कमी पडली आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलं. मी नाक मुरडतच त्यांच्या पंगतीला गेले. आमच्या घरी वडील तहसील कचेरीत, आईला शिवाशिवीचं भारी वेड, त्यामुळे तांड्यावरचं जेवण मी तोवर चाखलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या कप्तान पोरीनं ज्वारीची जाड भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. ती तिला बाटी म्हणायची. वर लसणाचा ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं तशा सगळ्या खिदळल्या, मीही खिदळले आणि उरलेली अर्धीही खाल्ली.

शेवटची पाळी. आम्ही पाठलागावर आहोत. आम्ही म्हणजे तांडा, हे मी आत्ता लिहितानाही सहज लिहून गेले बघा. आपल्या शाळेची एकच पोरगी आत उरली आहे, माझी बाकावरची मैत्रीण, संस्थेच्या अध्यक्षांची लेक. ती बाद झाली तर घंटा तांड्याला, ती वेळ संपेपर्यंत टिकली तर आपल्याला. मला पाठीमागून खो मिळतो आणि मी सुटते. ती खांबाकडे पळते. ती खांबाला डावीकडून वळणार हे मला माहीत आहे, रोज आम्ही बरोबरच सराव करतो. ती माझ्याकडे बघते. त्या बघण्यात काय आहे ते मला नीट कळतं. मी सूर मारते. बोटं तिच्या फ्रॉकला लागतात, गुडघा फक्कीच्या रेषेवर सोलून निघतो आणि तुमची शिट्टी वाजते. तांड्याच्या पोरींनी मला उचलून नाचवलं. तुम्ही आलात, खिशातला रुमाल माझ्या गुडघ्याला बांधलात आणि म्हणालात, "मस्त खेळली पोरी." तुम्ही एवढी तारीफ कधी कुणाची करायचा नाहीत.

संध्याकाळी वडिलांनी मला उभं केलं. "आपल्याच शाळेले हरवलं तू? काहून?" दारात मैत्रीण रडून लाल झालेली, तिची आई, आजूबाजूच्या चार बायका. मी "नियमच तसा आहे" म्हणू शकत होते. "मला खेळावंसं वाटलं" म्हणू शकत होते. माझी टरकली होती. मी म्हणाले, "सरनं सांगतलं होतं मले. त्याइले घंटा जिंकून दे म्हनून."

बस्स. संस्थेच्या लोकांना एवढंच हवं होतं. शिट्टीही तुमची, पोरगीही तुम्हीच दिलेली. आणि तुमचं घर बुद्धविहाराशेजारच्या वस्तीत आहे, हेही त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. म्हणे, खालच्या लोकांना वर आणायचा हा डाव आहे. त्यांनी तुम्हाला बैठकीत बोलावलं तेव्हा वडील तिथेच होते. घरी येऊन ते जरा चक्रावल्यासारखे आईला म्हणाले, "मास्तरनं कबूल केलं. म्हने, हो, मीच सांगतलं होतं." मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. तुम्ही माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं हे मला त्याच क्षणी कळलं आणि मी पान उलटलं. दुसरं काही केलं नाही, सर. पान उलटलं.

संस्थेनं तुम्हाला तिकडे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी जामणीच्या शाळेत पाठवून दिलं. तुम्ही निघालात त्या दिवशी मी दिग्रसच्या स्टँडवर होते, मामाला सोडायला आले होते. तुमच्याकडे एक ट्रंक आणि वळकटी. मला लपायला जागा मिळाली नाही. माझा पुरता पोपट झालेला तोंडावर दिसत असणार. तुम्ही जवळ आलात, मला वाटलं आता विचारतील. तुम्ही विचारलंत, "गुडघा कसा हाये?" मी म्हणाले, बरा आहे. तुम्ही म्हणालात, "खेळत राह्यजो." आणि यवतमाळच्या गाडीत चढलात. पुढच्या वर्षी कुणी कुणाला पोरगी उसनी दिली नाही, दोन शाळांचे संघच उभे राहिले नाहीत आणि त्यापुढे पाचशाळेचं नावही कुणी काढलं नाही. मीही खेळले नाही. तुम्ही वारल्याची बातमी मला बँकेत काउंटरवर बसल्याबसल्या कळली, तेव्हा समोर रांग होती.

परवा माईकवर मी उसन्या गड्यापर्यंत आले, आणि मग म्हणाले, "पुढे काही कारणांनी पाचशाळा बंद पडली." काही कारणांनी! ते कारण छानशी पैठणी नेसून माईक धरून उभं होतं. तरी तेवढ्यावर निभावलं असतं. पण खाली उतरले आणि एका बाईनं माझा हात धरला. केस पिकलेले, कोपरापर्यंत बांगड्या, डोळ्यांत ओळखीचं हसू. तांड्याची ती कप्तान. आता इथल्याच अंगणवाडीत असते, म्हणून मेळाव्याला आले म्हणाली.

"तू तीच नं, आमची उसनी? घंटा अजून आमच्याच शाळेत हाये, बरं. कोनी परत न्यालेच नाही आलं." मग तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या आईचं, याडीचं, सांगू लागली. "मायी याडी मरेपर्यंत तुयं नाव काढे. लोक म्हनत, मास्तरनं शिकवलं म्हनून पोरगी तशी खेळली. ती म्हने, नाही, शिकवून कोनी तसं खेळत नाही. आज मले तूच सांग बाई, सरच्या सांगन्यानं खेळली का तुह्या मनानं?"

बाजूला माझी ती मैत्रीण उभी होती, गळ्यात तिचाही मेळाव्याचा बिल्ला. वडील नाहीत, अध्यक्ष नाहीत, नोकरीतून मीही मोकळी झाले आहे. मला कुणाच्या बापाची भीती नव्हती, सर.

मी म्हणाले, "सरांनी सांगितलं होतं."

तिनं माझा हात सोडला नाही. "असं का," म्हणाली आणि जरा वेळानं चहाकडे गेली. तिच्या आईला मी एका वाक्यात खोटं पाडलं आणि तुम्हाला पुन्हा एकदा झरी जामणीच्या गाडीत बसवलं.

कुणी सांगितलं नव्हतं. भाकर पोटात होती, त्या पोरी माझ्या नावानं ओरडत होत्या आणि धावताना मला इतका आनंद झाला होता की पुढे काय होईल हे डोक्यातही नव्हतं. तितका आनंद पुन्हा झाला नाही. तो तुमचा हुकूम होता असं मी आयुष्यभर सांगत आले. तुमची बदनामी केली ती केलीच, आणि जे एकच काम मी मनापासून केलं होतं तेही माझं नाही असं सांगून बसले.

हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, हे ठीक आहे. तिचा नंबर मात्र माझ्या फोनमध्ये आहे, निघताना तिनं स्वतः घालून दिला. सकाळपासून मी तो दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला.