तिले सांग

आर्णी
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा नाशिकचा पत्ता मामानं दिला अन् दहादा बजावलं की माझं नाव सांगू नको. हॉस्पिटलात अजून रात्रपाळीच आहे काय? वेळेवर जेवत जाय. फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोनवर तू "सगळे कसे आहेत" विचारतेस अन् माझ्या तोंडून "मस्त" निघून जाते. इतकी वर्षं तेच चाललं आहे. कागदावर तसं पटकन निघत नाही.

आधी बातमी. मी पिक्चरची पटकथा लिहिली. हसू नको! झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की लिहीत होती. एका स्पर्धेला पाठवली, बक्षीस मिळालं नाही, पण आता दोन निर्माते ती मागत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, काय नशीब आहे पोरीचं. अन् मी अशी अडकली आहे की हलायलाही जागा नाही.

एक आहेत मुंबईच्या फरहाना मॅडम. त्या स्पर्धेत परीक्षक होत्या. स्वतःच दिग्दर्शन करतात, पैसा कमी आहे, पण फोनवर दोन दोन तास नुसतं गोष्टीबद्दल बोलतात. दुसरे वणीचे संघदीप काका. हो, तेच. कोळशाच्या ट्रकवाले, ज्यांच्या पोराशी, रोशनशी, तुझी सोयरीक जुळून साक्षगंध ठरलं होतं. त्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या आर्णीत शिरल्या तेव्हा तू यवतमाळच्याही पुढे निघून गेलेली होतीस. त्यांना आता पिक्चर काढायचा आहे, अन् बाबांची पोरगी लिहिते हे त्यांना कुठून तरी कळलं.

मागच्या आठवड्यात ते रोशनला घेऊन घरी आले. बाबांनी टेलरिंगचं दुकान दिवसभर बंद ठेवलं. मायनं पोहे केले, अन् मला साडी नेसायला लावली, ताई! पटकथा दाखवायला साडी! समोर खुर्ची टाकून बसवलं अन् म्हणाले, सांग आता गोष्ट.

मी सांगितली. साक्षगंधाच्या पहाटे घरातली मोठी मुलगी निघून जाते, त्या घराची गोष्ट. तुझी नाही असं लिहिणार होती, पण तुझीच आहे. मी सांगत होती अन् सगळे आपापल्या प्लेटीत पाहत होते. शेवटी काका म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. फक्त पोरगी शेवटी वापस आली पाहिजे, अन् दोन्ही घरची माफी मागितली पाहिजे." बाबा लगेच म्हणाले, "बदलून देते ना ते. माहा शब्द आहे." रोशन आपल्या लहान पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "राहू द्या न तशीच," पण त्याचं कोणी ऐकलं नाही. चांगला माणूस आहे तो, संसारही सुखाचा आहे. तेवढं मनाला लावून घेऊ नको.

जाताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर शाल टाकली, पेढे दिले. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, "त्या खेपेस शब्द मोडला माहा. आता काही पोरगी द्याची नाही, कागद द्याचे आहेत. येवढं तरी होऊ दे."

फरहाना मॅडमना शेवट जसाच्या तसा पाहिजे. त्यांचं एकाच प्रसंगावर अडलं आहे. म्हणाल्या, "पहाटे दाराची कडी आई काढते, हे मला पटत नाही. तू लिहिलेली आई हे करणार नाही. खरं कोण काढतं?"

खरं कोणी काढली ते तुला अन् मला माहीत आहे. तुझी बॅग उचलून देणारी अन् मागून कडी लावून पुन्हा गोधडीत शिरणारी मीच. मी त्याला चूक म्हणणार नाही. आजही काढीन.

पण नंतरचं तुला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही. बाबांनी आम्हा दोघींना समोर उभं करून विचारलं, कडी कोणी काढली. मी तोंड उघडणार तेवढ्यात माय म्हणाली, "मी काढली." त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. मारलं नाही, शिवी दिली नाही, फक्त बोलणं बंद. अन् तुझं नाव या घरात घ्यायचं नाही, असं सांगून टाकलं. माय चुलीपाशी, बाबा दोन हातांवर, अन् मधात मी. "मोनाली, तिले सांग, चहा ठेव." "मोनाली, तिले सांग, भाजीत मीठ नाही." मी सांगते, "माय, भाजी मस्त झाली म्हणतात, मीठ थोडं पाहिजे होतं." तिकडून ती काही तडकून बोलली की तेही गोड करून इकडे पोचवते. मॅडम विचारतात, इतके चांगले संवाद लिहायला कुठं शिकलीस? काय सांगू त्यांना!

मला दोन स्थळं आली होती. मीच खोट काढून परतवली. मी गेली तर ही दोघं बोलतील कोणाच्या तोंडून?

म्हणजे बघ. वणीला दिलं तर पडद्यावरची तू माफी मागशील, अन् कडी काढल्याचा ठपका मायवर जन्मभराचा बसेल. मुंबईला दिलं तर बाबांना खरं कळेल, अन् त्याच वणीवाल्यांना दिलेला त्यांचा शब्द, पोटच्या पोरीपायी, दुसऱ्यांदा मोडेल. मॅडमना रविवारपर्यंत उत्तर पाहिजे. मी वणीला हो म्हणायचं ठरवलं आहे. फक्त तो माफीचा प्रसंग काही केल्या लिहून होत नाही. तू आलीस तर काय बोलशील? या घरात मी कोणाचंही बोलणं तयार करून देते, पण तुझी माफी मला सुचत नाही. दोन ओळी तूच लिहून पाठव. बाबा जेवायला आले, थांबते.

शनिवार

पत्र टाकायचं राहून गेलं ते बरं झालं.

काल दुपारी तोच प्रसंग घेऊन बसली होती. माय तूर निवडत होती. म्हणाली, "वाच बरं." मी वाचलं. मुलगी दारात येते अन् म्हणते, माझं चुकलं.

"कायचं चुकलं तिचं?" माय म्हणाली.

मी कागद खाली ठेवला.

"कडी कोनं काढली ते मले तवाच मालूम होतं. तू उठली तवा मी जागीच होती. येवढे वर्स मी आयकून घेतलं, ते काय तुमच्या तोंडून माफी निंघाव म्हनून? फाड ते."

तेवढ्यात बाबा आले. हात धुतले, ताटावर बसले. "मोनाली, तिले सांग, वाढ."

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हटलं, "बाबा, ती समोरच आहे. अन् कडी मायनं नाही काढली, मी काढली होती. मी तेच लिहिणार. वणीला देत नाही मी."

बाबांनी मायकडे पाहिलं. तिला हाक मारायला तोंड उघडलं अन् तसंच राहिलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला आठवते, बाबा तिला काय म्हणायचे? प्रियंकाची माय. जन्मात दुसरं काही म्हटलं नाही. अन् तुझं नाव तर त्यांनीच बंद केलेलं. सुरुवातीला राग असेल, पण मागून कधी बोलावंसं वाटलं असेल तर त्या माणसानं बायकोला हाक मारायची तरी कशी?

"प्रियंकाची माय," बाबा म्हणाले.

मायच्या हातातली पळी खाली पडली. मला वाटलं, आता बाबा रडतील, तिची माफी मागतील. पटकथा लिहून लिहून माझं असं झालं आहे. तसं काही झालं नाही. खाली मान घालून ते म्हणाले, "प्रियंकाची माय, तिले सांग, वनीले मी सोता जातो. शब्द मी देल्ला होता, मीच वापस घेतो."

माय माझ्याकडे वळली अन् म्हणाली, "बाबा वनीले सोता जातो म्हनतात. अन् तू जेवून घे म्हनतात."

जेवायचं ते काही बोलले नव्हते, ताई.

आज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, ती शाल पिशवीत टाकून बाबा वणीच्या बसमध्ये बसले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मॅडमना हो कळवलं. त्या फोनवर ओरडल्या आनंदानं. मला मात्र बाबा काकांच्या दारात पिशवी घेऊन उभे आहेत, एवढंच दिसत राहिलं. अजूनही तेच दिसते आहे.

तू ये, असं मी म्हणणार नाही. पण तुझं नाव कालपासून घरात दहादा घेतलं गेलं, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. आता बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते मायच्या तोंडून सांगतात, अन् ती त्यात आपलं थोडं गोड घालते. आता माझी पाळी आहे, तर निभावीन. तू तेवढी माझ्याशी सरळ बोल.

तुझी,
कडी काढणारी,
मोनाली