छातीच्या दुखण्याला गॅस म्हणण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मानकुंवर सार्वजनिक रुग्णालय,
खारवाव, सौराष्ट्र.

विषय: तातडीच्या विभागाच्या दारावरील पाटी बदलण्याबाबत.
संदर्भ: माझे पती श्री. व्रजलाल रायचुरा, तातडी विभाग, खाट क्र. ४, आज सकाळपासून.

महोदय,

तातडी विभागाच्या दारावरील पाटीची अक्षरे सुमारे दोन सेंटिमीटर उंच असून तिच्यावर 'चपला बाहेर काढाव्यात' एवढेच लिहिले आहे. आज अकरा ते दोन या वेळेत मी समोरच्या बाकावरून पाहिले. आपल्या पायांनी आलेल्या एकवीस रुग्णांपैकी सतरा जणांनी थांबून चपला काढल्या. एका गृहस्थांना विंचू चावला होता, तरी ते आधी बुटाची नाडी सोडत बसले. यावरून आपल्याकडे येणारी माणसे पाटी वाचतात आणि मानतात, हे दिसते. तेव्हा तिच्यावर अधिक उपयोगाचा मजकूर लिहावा, ही विनंती. कारणे पुढीलप्रमाणे.

१. माझ्या पतींचे बसस्थानकासमोर गाठियाचे दुकान आहे. आज सकाळी कढईसमोर उभे असताना त्यांच्या छातीवर दाब आला. आमच्या गावात बेंबीपासून हनुवटीपर्यंत काहीही दुखले तरी त्याला गॅस म्हणतात. त्यांनी लिंबू-सोडा घेतला, शेजारच्या तीन दुकानदारांकडून पाठीवर थापा मारून घेतल्या आणि मला मागे बसवून स्वतः स्कूटर चालवत येथे आले. मी चालवते म्हटल्यावर उत्तर मिळाले, "तू चालवलीस तर नक्की काहीतरी होईल."

२. खिडकीवर विचारले, काय होतंय? हे म्हणाले, "काही नाही भाई, गॅस." त्यानुसार पोटाच्या बाह्यरुग्ण विभागाचे चाळीस नंबरचे टोकन मिळाले. खिडकीवरील कर्मचाऱ्याचा दोष नाही, त्यांनी ऐकले तेच लिहिले. बावीस मिनिटे आम्ही रांगेत बसलो. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, वायूंचे नियम तर दरवर्षी. मलाही शंका आली नाही. शंका आली फरशी पुसणाऱ्या जीवीबेनना. त्या म्हणाल्या, "बेन, हा गॅस नाही. गॅसवाला एका जागी बसत नाही, फेऱ्या मारतो, ढेकर देतो. हे भाई तर हलतच नाहीत, आणि पंख्याखाली घामाने भिजलेत." त्यांनी स्वतःच चाकांची खुर्ची आणली.

३. हृदयाचा आलेख काढल्यावर डॉ. झरणाबेन यांनी हृदयविकाराचा झटका असल्याचे सांगितले. औषधांनी दुखणे उतरले आहे. तथापि मनगटातून नळी घालून रक्तवाहिन्या आजच तपासाव्यात आणि अडथळा असेल तर उघडावा, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढचा झटका सांगून येणार नाही. पतींचे म्हणणे, सातम-आठमनंतर, म्हणजे गोकुळाष्टमी झाल्यावर बघू. सातमला घराघरांतली चूल बंद असते, म्हणून आमच्या कढईला उसंत नसते. हृदयाची साधी तपासणीही ते दोन वर्षे टाळत आले आहेत. आधी दिवाळी होती, मग भाचीचे लग्न, मग नवीन कढई. संमतिपत्र सकाळपासून सहीविना उशाशी आहे.

४. डॉक्टरांनी व्यसन विचारले, तेव्हा ते गालात मावा धरून "बिलकुल नाही" म्हणाले. रोजच्या औषधाबद्दल "एक छोटी पांढरी गोळी" इतकीच माहिती दिली. घरून डबा मागवून मोजले असता छोट्या पांढऱ्या गोळ्या सहा प्रकारच्या निघाल्या. रुग्णांनी गोळ्यांची पाकिटेच सोबत आणावीत.

५. नंबराबद्दल भांडण फार होते. बोट कापलेल्या नातवाला घेऊन आलेल्या एक आजी शिपायावर ओरडल्या, "आम्ही आधी आलोय! तो स्ट्रेचरवाला काय तुझा जावई लागतो?" शिपाई शांतपणे म्हणाला, "बा, इथे मागे राहिला त्याची तब्येत चांगली. पेढे वाटा." इथे आल्याच्या क्रमाने नव्हे, धोक्याच्या क्रमाने तपासतात, हे इतक्या सोप्या शब्दांत मी कुठे ऐकले नव्हते. हे वाक्य पाटीवर घ्यावे, पेढे वगळून.

६. आजाऱ्याची खबर काढायला जाणे हे आमच्याकडे कर्तव्य मानतात. एक वाजेपर्यंत चौदा जण आले. त्यांनी सात नारळ, ओवा, हिंग आणि हळवदच्या एका वैद्याचा पत्ता दिला. त्यांपैकी एकजण आमचेच गाठिया घेऊन आला होता. तपासणी ठरेपर्यंत रुग्णाला काही खायला देऊ नये आणि सोबत एकानेच थांबावे, असेही लिहावे.

७. वरील सर्व मिळून मी पाटीसाठी एकोणीस ओळींचा मजकूर केला आणि पतींना वाचून दाखवला. दुकानाच्या पाट्या ते स्वतः रंगवतात. ते म्हणाले, "तरू, ही पाटी आहे का परीक्षेचा पेपर? घाबरलेला माणूस तीन ओळी वाचतो. लिही."

त्यांनी सांगितलेला मजकूर असा:

छातीत दुखतंय? छातीत दुखतंय असंच सांगा.
गॅस आहे की काय, ते डॉक्टर ठरवतील.
घरी थांबू नका.

मग म्हणाले, "तिसरी ओळ वर घे. सगळ्यांत मोठी काढ." मी ती वर घेतली आणि बरोबर झाली का, म्हणून कागद त्यांच्यासमोर धरला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. तीन ओळींना इतका वेळ लागत नाही.

तेवढ्यात दुकानातून फोन आला, पिठात सोडा किती घालायचा? त्यांनी तो उत्तर न देता बंद केला आणि मला म्हणाले, "झरणाबेनला बोलाव. नळी आजच घालू देत. पेन दे."

पेन हेच असल्याने अर्ज येथे थांबवते.

आपली,
तरलिका व्र. रायचुरा
खारवाव, ८ ऑगस्ट, दुपारी २.४०