टाकीपाशी चुकणारं घड्याळ

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे वळायचं, तर हे सरळ गेले. सरळ म्हणजे शाळेमागच्या बोळात, थेट भिंतीपर्यंत, आणि तिथून परत. फोनवर ह्यांच्या धावण्याची निळी रेघ बघितली तर तिला टाकीपाशी शेपूट फुटलेलं.

"घड्याळ उशिरा सांगतं गं," हे म्हणाले. "वळण गेल्यावर थरथरतं."

अठ्ठावीस वर्षं विजेचे मीटर वाचत इथली गल्ली न् गल्ली पालथी घातलेला माणूस! त्याला वळण घड्याळाने सांगावं लागतं?

घड्याळ लेकीने पाठवलं, ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर. मार्ग मी आखते. फोनवर बोटाने ठिपके द्यायचे, घड्याळात पाठवायचे. साडेतीन किलोमीटर, सगळा सपाट, टेकडी टाळून. डॉक्टरांनी बजावलंय — चढ नको, नाडी एकशेतीसच्या वर नको. धावण्याची नोंद अशीच चांगली राहिली तर दुसरं ऑपरेशन टळेल. गेल्या खेपेला मी नेलेले नोंदीचे कागद बघून एक गोळी बंदसुद्धा केली. आता २१ तारखेला पुन्हा दाखवायचंय. त्या रेघेला माझा जीव टांगलाय, आणि तिला शेपटं फुटतायत!

गुरुवार, ६ मार्च

लेकीला फोन केला. "आई, घड्याळ चुकत नाही. बाबा चुकत असतील."

हिला काय माहीत बाबा!

दुसरी तक्रारही सांगितली. मार्ग सुरू होतो आमच्या फाटकापासून, नोंद मात्र रोज वाचनालयापासून. फाटकापासून तिथवरची दोनशे पावलं गायब. हे म्हणतात, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत मी तिथे पोचतो. लेक म्हणाली, "मोकळ्यावर दहा सेकंद पुरे होतात, आई." दहा सेकंदांत हे दोनशे पावलं जातात? उडतात की काय?

रविवार, ९ मार्च

आज घड्याळ मीच बांधलं. हे आंघोळीला गेले तशी मी सटकले.

फाटकातून पाऊल बाहेर टाकलं नाही तोच — "मार्ग पूर्ण. अभिनंदन!" जिथून निघायचं तिथेच संपायचं, म्हणून ते बावचळतं. दारातच अभिनंदन! मग दोन मिनिटं बाण मलाच घराकडे परत धाडत होता. बटणं दाबून दाबून नखं दुखली. उपकरण मूर्ख आहे, यात वाद नाही.

पण टाकीपाशी वीस पावलं आधी थरथरलं. बाण उजवीकडे, स्पष्ट.

मग चुकतं कोण?

आणि आणखी एक. मी कपड्यांच्या कारखान्यात माल तपासते. उलटा करून शिवण बघितल्याशिवाय एक नग पुढे सोडत नाही. घड्याळाचा पट्टाही उलटा करून बघितला. आजारानंतर ह्यांचं मनगट काडीसारखं झालंय, हे सगळ्यात आतलं भोक लावतात. पट्ट्यावर घडी पडलीय ती टोकाच्या भोकाशी. जाड मनगटाची!

लेकीने जुनं घड्याळ तर नाही ना पाठवलं?

सोमवार, १० मार्च

टाकीपाशी सरळ. मी नुसतं बघितलं. ह्यांची नजर चहाच्या कपात.

बुधवार, १२ मार्च

ह्यांचा धावायचा शर्ट धुवायला घेतला. ओलाचिंब, पण घामाचा वास नाही! वीस वर्षं कापड हाताळतेय, नळाचं पाणी मला कळतं. हे कुठे तोंड धुतात? कुणाच्या घरी?

कारखान्यात शेजारच्या टेबलावरचीला सांगितलं. ती म्हणाली, "धावताना नाडी एकशेबारा? एवढा शांत पुरुष मी पाहिला नाही. मन कुठेतरी रमलंय बाई."

हसण्यावारी नेलं. पण दिवसभर डोक्यात तेच. साडेतीन किलोमीटर धावणाऱ्याला आमच्या दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्ट लागते. म्हणे गुडघा दुखतो. पन्नाशी उलटल्यावर नवऱ्याचा शर्ट हुंगायची वेळ आली!

शनिवार, १५ मार्च

ह्यांनी तिसरी उशी मागून घेतली. बसल्यासारखेच झोपतात हल्ली. मान आखडते, म्हणे.

जिन्यात खालचे क्लॅरिनेटवाले भेटले. बँडमधून निवृत्त होऊन हिवाळ्यात मुलाकडे राहायला आलेत. दणकट माणूस, एका दमात दोन मजल्यांपर्यंत सूर पोचवतो. म्हणाले, "वहिनी, साहेबांच्या घड्याळातली अक्षरं मोठी करता येतात का हो?"

म्हणजे हे बिल्डिंगभर घड्याळाचं रडगाणं गातायत! वरून मार्ग आखणारी बायको बदनाम.

मंगळवार, १८ मार्च

सापळा लावला. काल मार्ग बदलला — टाकी काढून टाकली, कालव्याच्या पुलावरून वळवला. ह्यांना एका शब्दाने सांगितलं नाही.

सकाळी आले. शर्ट ओला. "कसं झालं?"

"नेहमीचंच. टाकीपाशी पुन्हा चुकलं."

आज मार्गात टाकीच नव्हती! आणि रेघ बघते तर कालव्यावरून व्यवस्थित गेलेली. घड्याळ गेलं पुलावरून, मग हे कुठे होते?

उद्या अर्ध्या दिवसाची रजा. आता काय ते डोळ्यांनीच बघते.

बुधवार, १९ मार्च

सगळं लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही नव्हतं.

हे उठायच्या आधीच मी निघाले आणि पुलाच्या कठड्याशी उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. वळणावरून धपधप पावलं आली आणि समोर आले क्लॅरिनेटवाले! घामाने निथळत. टोकाच्या भोकात आवळलेलं आमचं घड्याळ मनगटावर.

"वहिनी! देवासारख्या भेटलात. डावीकडे की उजवीकडे? चष्म्याशिवाय हे दिसत नाही हो. त्या टाकीपाशी तर रोज फजिती."

मी घड्याळाकडे बोट केलं.

"साहेब म्हणाले, घड्याळाची चाचणी चाललीय, माझा गुडघा धरलाय, तुम्ही पळता का? मी तसाही पळतोच. साहेब वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसतात पेपर वाचत."

तशीच वाचनालयाकडे गेले. पेपर होता, पण घडी न मोडलेला. हे दुसऱ्या पायरीवर कठड्याला टेकून बसलेले, डोळे मिटलेले, ओठ निळसर. थोड्या वेळाने उठले. बाजूच्या नळापर्यंत दहा पावलं असतील. मधे एकदा थांबले. मग ओंजळीने शर्ट भिजवला, छातीवर, पाठीवर, काखेत. नीट, काम केल्यासारखा.

मी झाडामागेच राहिले. पुढे व्हायचा धीर झाला नाही.

गोळी बंद झाली त्या दिवशी मीच म्हटलं होतं, चला, आज चालत घरी जाऊ. कशी काढली असेल त्यांनी ती वाट! घड्याळाचा संशय घेतला, बाईचा घेतला, लेकीचाही घेतला. चांगल्या आकड्यांचा तेवढा घेतला नाही. ते मला हवे होते. शिवण उसवलेली दिसत होती आणि मी नग पुढे सोडला.

गुरुवार, २० मार्च

काल घरी येताच सांगितलं. नाकबूल केलं नाही.

"आधी पळत होतो गं, खरंच. मग वाचनालयापर्यंतच जमायला लागलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"पुन्हा छाती उघडायची नाही मला. भीती वाटते."

मी रागावणार होते. रडले. मग दोघांनीही रडून घेतलं. डॉक्टरांना फोन केला, बंद केलेली गोळी कालपासूनच सुरू. म्हणाले, ठरल्याप्रमाणे २१ तारखेला या, पण राहायच्या तयारीने या.

शुक्रवार, २१ मार्च

डॉक्टर चालवून बघणारच होते. हे म्हणाले, नोंदीचा कागद ह्या वेळी आपण आपलाच नेऊ. सकाळी घड्याळ मी बांधलं, आतल्या भोकात. मार्ग फाटक ते वाचनालय, एकही वळण नाही. उपग्रह नऊ सेकंदांत सापडला. दोनशे पावलं, चार थांबे, माझ्या खांद्यावर हात.

तो कागद ह्यांनी स्वतः डॉक्टरांपुढे ठेवला. ऑपरेशन सोमवारी.

दाखल करताना अंगावरचं सगळं काढून द्यायला सांगितलं. घड्याळ माझ्या हातात ठेवून म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बांधायला देऊ नकोस गं!"