तुझ्या हातचा म्हणे तो टॉप

चिमणे,

दुपारी तू बाहेर असताना तुझ्या बुटीकच्या मालकीणबाई घरी आल्या होत्या. माझा मलमलचा टॉप तू मुलाखतीपुरता मागून नेला होतास ना, त्याचंच कौतुक चाललं होतं. "तुमच्या धाकट्या बहिणीच्या हाताला काय कला आहे हो! गळ्यावरची वेल तर बघत राहावी."

अख्खा उन्हाळा मान मोडून ती वेल मी भरली, आणि तू ती स्वतःच्या नावावर खपवून नोकरी मिळवलीस! याच बाईंनी मागच्या वर्षी माझं काम न बघताच मला दारातून परत पाठवलं होतं. मी घरी येऊन किती रडले, ते तू पाहिलं होतंस. तरीही?

तुझी नोकरी जाईल म्हणून मी जीभ आवरली. वर त्यांना चहा पाजला. त्याचाच जास्त संताप येतोय.

टेबलावर त्यांनी दिलेलं कापड आहे. तस्साच टॉप हवाय, तुझ्या हातचा. तुला साधं बटण लावता येत नाही. मी भरून देणार नाही. आईला मध्ये घालू नकोस.

मी मावशीकडे जातेय. उद्या बुटीक उघडेल तेव्हा मी तिथे येणार आहे. माझ्याआधी पोच आणि खरं काय ते तूच सांग. मी बोलायला लागले तर मला थांबता येणार नाही.

ताई