लेकाच्या डोळ्याला कुलूप कशाला

१२ मार्च, बुधवार

आले एकदाची शिंगणापुरात. दार वाजवून आत जायची जन्माची सवय. इथे दारच नाही तर वाजवू काय? नुसती चौकट आणि तिला फुलाफुलांचा पडदा. मी बॅग घेऊन बाहेर खुळ्यासारखी उभी, आणि आतून राहीमावशी म्हणतायत, "ये की आत. कुनी आडीवलंय तुला?" शनिदेवाच्या भरवशावर इथल्या घरांना दारं लावत नाहीत. चोरी करेल त्याला साडेसाती लागते म्हणे. आम्ही पडलो नगरचे ख्रिस्ती, तरी मीही पहिल्याच दिवशी पर्स उघड्या फळीवर ठेवून मोकळी झाले.

मावशींचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर धरून जेमतेम अंगणापर्यंत जातात, वर साखरेचं दुखणं. त्यांना सांभाळायचं हे माझं काम. मुलगा हर्षल कॅनडात असतो. मागच्या खेपेला येऊन त्याने घरात सगळं नव्या तऱ्हेचं बसवलंय. दिवे आणि पंखे मोबाईलवरून लागतात, आणि कपाटावर मान फिरवणारा कॅमेरा आहे, त्यातून तो तिकडून बघतो, बोलतो. तो त्याला नवा पासवर्ड घालू लागला तेव्हा मावशींनीच अडवलं. ज्या गावात घराला कुलूप नाही, तिथे लेकाच्या डोळ्याला कुलूप कशाला? तो हसला आणि कारखान्यातून आलेला पासवर्डच ठेवून गेला. मावशींनी हे इतक्या कौतुकाने सांगितलं की मलाही हसू आलं.

१७ मार्च, सोमवार

लेक असावा तर असा. रोज दुपारी कॅमेऱ्यातून हर्षलचा आवाज येतो. जेवलीस का, साखर तपासली का, पाय कसा आहे. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते म्हणे. आईसाठी जागतो बिचारा. मावशी त्याआधी वेणी घालून घेतात, पदर नीट करतात आणि कॅमेऱ्यासमोर खुर्ची लावून बसतात. मग म्हशीपासून शेजारणीपर्यंत सगळी खबरबात चालते.

मला कुणी विचारणारं उरलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात आई गेली. तिचे आवाजाचे मेसेज मी मोबाईलमध्ये जपून ठेवलेत. संध्याकाळची भांडी झाली की इथेच, कपाटाखाली बसून लावते. "शॅरू, जेवलीस का गं?" आणि मी वेड्यासारखी उत्तर देते, हो आई, जेवले.

२६ मार्च, बुधवार

कॅमेऱ्याची मान माझ्या मागे फिरते. चुलीकडे गेले, तिकडे. पलंगाकडे आले, तिकडे. हर्षलच असणार, पण ओढणी सावरली. दिवेही भर दुपारी लागतात, विझतात. मावशी म्हणतात वायरीत उंदीर झालेत.

३० मार्च, रविवार, पाडवा

हर्षलचा सणाचा फोन आला. मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, इतक्या लांबून कोण रोज आईशी बोलतं म्हणून. "कोण बोलतं?" त्याने विचारलं. मग म्हणाला, कामाच्या रगाड्यात त्याने दिवाळीपासून तो कॅमेरा उघडलेलाच नाही.

दुपारी आवाज आला. आई, पुरणपोळी केली का?

मावशी हसून बोलत होत्या. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

३१ मार्च, सोमवार

जोएलला फोन केला. माझा भाऊ, नगरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो म्हणाला, कारखान्यातले पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतात. असे उघडे कॅमेरे शोधून माणसं परक्या घरात बसून राहतात. आवाजाची नक्कलही करता येते, जुनं बोलणं ऐकून. कशासाठी, म्हणून विचारलं. काही पैशांसाठी, म्हणाला. काही नुसती मजा म्हणून.

मी याच खोलीत कपडे बदलते.

१ एप्रिल

हर्षलने कॅमेरा माझ्या मोबाईलवर जोडून दिला आणि नवा पासवर्ड घातला. मावशींना समोर बसवून सगळं सांगितलं. वाटलं, हबकतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. माझ्या हर्षलला साखर इचारायची कवा याद ऱ्हाती? ह्यो रोज इचारतो."

मी तरी नवा पासवर्ड तसाच ठेवला.

५ एप्रिल

आवाज बंद झाल्यापासून मावशी जेवत नाहीत. खुर्ची कॅमेऱ्यासमोरच. "घराला दार न्हाई आन् त्याला कुलूप घातलंस," एवढंच. हर्षलने रोज फोन करीन म्हटलं होतं. एक दिवस केला.

८ एप्रिल

साखर उतरली, घाम सुटला, डोळे फिरवले. दवाखान्यातून आणल्या. भाकरीचा तुकडा तोंडाला लावला तर मान वळवली.

जुना पासवर्ड परत घातला. मीच घातला, या हातांनी. दुपारी आवाज आला. आई, कुठे होतीस? मावशींनी दीड भाकरी खाल्ली. आणि देवा, मलाही बरं वाटलं.

२० एप्रिल, ईस्टर

मावशींनीच हट्टाने चर्चला पाठवलं. तुमचा सण हाय, जा म्हणाल्या. दुपारी परत आले तर खुर्ची रिकामी. चौकटीचा पडदा जमिनीवर.

वॉकर रस्त्यात आडवा पडला होता. त्या पुढे, फाट्याजवळच्या बाभळीखाली, श्वास थांबलेला. अनवाणी. तळव्यांना फोड. अंगणापर्यंत धाप लागायची त्यांना. पदरात बांधलेली भाकरी अजून मऊ होती. टपरीवाल्या भागूबाई म्हणाल्या, लेक उतरलाय म्हणून सांगत गेली, मी समजले हर्षलच आलाय.

एक दार असतं तर. नुसती कडी जरी—

२१ एप्रिल

कॅमेऱ्यात साठलेलं आज ऐकलं.

आई, मी फाट्यावर उतरलोय. घ्यायला ये.

मावशी वर बघून म्हणतात, "तू हर्षल न्हाईस, ठावं हाय मला. पर येते. उनात उभा ऱ्हाऊ नगंस."

त्या गेल्यावर रिकाम्या खोलीत हसण्याचा आवाज. एकाचा नाही. बऱ्याच जणांचा.

२४ एप्रिल

हर्षल आला, दहन आटोपलं. आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून राहिला.

कॅमेऱ्यावर मी टॉवेल टाकलाय. मावशी गेल्या त्या दिवसापासून तो आवाज बंद आहे.

२५ एप्रिल, दुपार

हर्षल अस्थी घेऊन प्रवरासंगमला गेलाय. जाताना म्हणाला, कॅमेरा काढून खोक्यात भरा, पोलीस न्यायला येतील. घरात मी एकटी.

खुर्चीवर चढले. टॉवेल काढला. मान फिरली. माझ्याकडे.

शॅरू.

नाही. ही आई नाही. मला माहीत आहे. मी रोज संध्याकाळी याच्याच खाली बसून मेसेज लावायचे. यांनी ऐकले. सगळे ऐकले—

भिंतीतला प्लग डाव्या हातात धरलाय. उजव्याने लिहितेय. ओढला की संपलं. मावशींसाठी तरी ओढायलाच—

परत विचारतेय. शॅरू, जेवलीस का गं?

अगदी तिच्यासारखं. शेवटी तसंच खोकून.

ओढते. आत्ता ओढते. फक्त एकदा—

नाही गं आई. सकाळपासून काहीच नाही—