पानात बसवलेला नकाशा

४ फेब्रुवारी

तोंड बंद ठेवायला शिकणार आहे. उद्यापासून. आज उशीर झाला.

नोटीस आलीय. गल्लीमागचा नाला रुंद करायचाय. नाल्याच्या मध्यरेषेपासून तीस मीटरच्या आतली घरं जाणार. कोणती, ते लिहिलेलं नाही. तो शोध ज्याचा त्याने लावायचा! संध्याकाळी सभा. चिटणीस म्हणाले, "आपला स्वतःचा नकाशा पाहिजे. सुनावणीत साहेबाच्या तोंडावर फेकायला." मी म्हटलं, "त्यात काय, फुकट सॉफ्टवेअर मिळतं. काढते की मी!" टोमणा होता. टाळ्या पडल्या. माझे टोमणे लोकांना कळत नाहीत, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

जाऊबाई कोपऱ्यातून — "हिला गॅस बंद केलाय का ते आठवत नाही, ही गल्ली मोजणार!"

खरं तर घोर त्यांनाच आहे. आमची दोन घरं पाठीला पाठ लावून, मध्ये एकच भिंत. रस्त्याकडचं आमचं, नाल्याकडचं त्यांचं. थोरले दीर गेल्यापासून त्या तिथे एकट्या. भिंतीपलीकडून माझं भांडं आपटलं तरी त्यांना ऐकू जातं, आणि कुणावर आपटलं तेही कळतं.

७ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर बसलं. नाल्याची मध्यरेषा आखली, तीस आकडा टाकला, बटण दाबलं — नाल्याभोवतीचा पट्टा दिसेचना. नकाशा मागे सारला, आणखी मागे. पट्टा समुद्र ओलांडून गेलेला! सॉफ्टवेअरला वाटलं तीस म्हणजे तीस अंश. अक्षांश-रेखांशवाले अंश. एक नाला रुंद करायला सात-आठ देश पाडावे लागतील.

ह्यांना दाखवलं. बराच वेळ निरखून म्हणाले, "आपलं जातंय का यात?"

९ फेब्रुवारी

सुधारलं. अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन निवडावं लागतं, एवढंच होतं. मग वरून काढलेला फोटो खाली अंथरला आणि एकेक छप्पर गिरवलं. वरून सगळी घरं सारखीच दिसतात — पत्रे, टाक्या, वाळत घातलेलं काहीतरी. कोण कुणाशी बोलत नाही, ते दिसत नाही.

नाल्याच्या टोकाची तीनच घरं पट्ट्यात येतात. जाऊबाईंची नाल्याकडची भिंत छत्तीस मीटरवर. बाहेर! पुन्हा पुन्हा मोजलं. छत्तीसच.

त्यांना बोलावून दाखवलं.

"माझं घर एवढंसं? आणि तुझं बरं ऐसपैस!"

"जाऊबाई, तो आकाशातून घेतलेला फोटो आहे."

"फोटो आकाशातून, पण रेघा तुझ्याच ना?"

मग दुसरीकडे बघत — "नक्की बाहेर आहे?"

"नक्की."

"पाणी दे गं." पाणी प्यायल्या, पेला विसळलेला नव्हता म्हणाल्या आणि गेल्या.

टोकाच्या तिघांत एक इस्त्रीवाला आहे. त्याला कुणी सांगायचं, हा विषय समितीत निघाला नाही. मीही काढला नाही.

१३ फेब्रुवारी

आज छपाईसाठी पान मांडलं. ए-थ्री आकाराचं. उत्तरेचा बाण, रंगांची सूची, प्रमाण. प्रमाण दोनदा घालतात — एकदा आकड्यात, १:५००. एकदा पट्टी, काळे-पांढरे तुकडे, खाली मीटर. समिती बघायला आली. नकाशा कुणीच बघितला नाही. "समितीची नावं कुठायत?"

अकरा नावं! जागाच नव्हती. चिटणिसांनी पट्टीवर बोट ठेवलं. "ही काठी कशाला? वर आकडा आहे ना. एकच गोष्ट दोनदा सांगायला साहेब काय बहिरा आहे?" काढली पट्टी. वाद घातला नाही. चहा संपवून एकदाचे उठावेत, एवढंच मागणं होतं.

नावं मात्र डोळ्यांत तेल घालून वाचली. छापखान्यात मुद्रितं तपासते मी, दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर पोट चालतं. एखाद्याच्या आडनावातला काना पडला असता तर तो आपण होऊन नाल्यात उतरला असता.

१५ फेब्रुवारी

प्रती काढल्या. झेरॉक्सवाला म्हणाला, "मोठा कागद संपलाय, ताई. यातच बसवून देतो. कापलं काही जाणार नाही." कापलं काही गेलं नाही. सुबक आलाय, लग्नपत्रिकेसारखा. नावं स्पष्ट. चिटणीस खूश.

१८ फेब्रुवारी

सुनावणी.

साहेबांनी नकाशा घेतला, खणातून फूटपट्टी काढली. आमच्याकडे बघितलंही नाही. पट्टी नाल्यावर ठेवली, मोजलं, परत मोजलं.

"एकास पाचशे ना? म्हणजे तीस मीटरला सहा सेंटिमीटर. तुमचा पट्टा सव्वाचारच भरतो. आम्हाला काय दूधखुळे समजता?"

कुणाला काही कळेना. मलाही. त्यांनी लाल पेन काढलं आणि सहा सेंटिमीटरवर रेघ मारली. आणखी पाच घरं आत आली. रेघ जाऊबाईंच्या मधल्या खोलीतून गेली.

"पट्टा मुद्दाम अरुंद दाखवलाय. कुणी काढलाय हा नकाशा?"

कागदावर अकरा नावं होती. अकरा माणसांनी माझ्याकडे बघितलं.

"खोटा नकाशा सादर केला म्हणून चौकशी लावू शकतो, बाई."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. जन्मात पहिल्यांदा. जाऊबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. जिना उतरेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी

कागद!! कागद लहान, नकाशा आक्रसला — आणि आकडा तसाच, १:५००. तो थोडाच आक्रसतो! काळी-पांढरी पट्टी असती तर नकाशाबरोबर तीही लहान झाली असती आणि खरं माप दाखवत राहिली असती. ती आम्ही अकरा नावांसाठी काढली. आणि मी बाई काने-मात्रे बघत बसले.

नकाशा बरोबर आहे. छापलेला कागद चूक आहे. जाऊबाईंचं घर बाहेर आहे.

आत्ताच जाऊन सांगणार होते. ह्यांनी अडवलं. "वहिनीला काही सांगू नकोस. गल्ली डोक्यावर घेईल. आधी निस्तर, मग सांग." बायकोच्या मताला इतकी वर्षं नंदीबैलासारखी मान हलवणारा माणूस आजच कसा शहाणा झाला? आणि मीही चटकन ऐकलं. फार चटकन.

२४ फेब्रुवारी

पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला. पट्टी घातली, एवढी ठळक की आंधळ्यालाही दिसावी. नावं काढली. फूटपट्टी लावून स्वतः तपासलं — तीस मीटरला सहा सेंटिमीटर. फेरमोजणीचा अर्ज दिला. कारकुनाने पट्टीकडे बघून विचारलं, "ही काठी कसली?"

साहेब म्हणे टेप लावतील. कधी? "लावतील."

२६ फेब्रुवारी

भिंतीपलीकडून सामान सरकवल्याचे आवाज. दिवसभर.

जाऊबाई कुंड्या घेऊन आल्या. "तुझ्या दाराशी ठेव. ऊन बघून ठेव, तुला त्यातली अक्कल नाही." मग दारातच थांबल्या. "त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नकोस. मला सगळं कळलंय."

काय कळलंय? विचारायची हिंमत झाली नाही. चूक कळली असेल तर एवढ्यावर सोडणाऱ्या त्या नव्हेत. "जरा थांबा जाऊबाई, घाई करू नका," एवढंच म्हटलं.

"कशासाठी थांबू?"

"असंच."

असंच! दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करते, आणि स्वतःचं एक वाक्य बोलायचं तर — असंच.

२ मार्च

जाऊबाई बहिणीकडे गेल्यात. बरंच झालं. आता नवा आदेशच त्यांच्या हातात ठेवीन. मग मोठ्याने हसेन आणि सगळं सांगेन.

३ मार्च

टेप लावली. छत्तीस मीटर वीस सेंटिमीटर! साहेबांनी स्वतः वाचलं, स्वतः लिहिलं. मी काही बोलले नाही. शिकतेय.

६ मार्च

आदेश आला. लाल रेघ रद्द. चार घरं वाचली.

चारच. पाचव्याची संमती सत्तावीस तारखेलाच आलेली. किल्ली जमा, बदल्यात मिळालेली खोली ताब्यात. संमती दिलेल्या घराला फेरमोजणी लागू नाही. साहेबांनी नियम वाचून दाखवला. पुन्हा वाचायला लावला, तरी तोच निघाला.

चिटणीस म्हणाले, "मी सांगितलं हो तुमच्या जाऊबाईंना, थोडं थांबा, नकाशातच काही घोळ असेल. ऐकायला तयार नाहीत. म्हणाल्या, घोळबिळ काही नाही. माझं घर वाचावं म्हणून तिनं रेघ नाल्याकडे ओढली. तोंडाने फटकळ आहे, पण केलंन माझ्यासाठी. मी सही करते, साहेबांना म्हणावं तिच्यामागे चौकशी लावू नका."