भोंगाबाईचा फोन

४ ऑक्टोबर
सकाळची बस म्हणजे माझी हक्काची डुलकी. तीही गेली. अर्धी बस रिकामी, तरी एक बाई माझ्याच शेजारी येऊन बसली! फोन ताटलीसारखा समोर धरला, स्पीकर लावला आणि सुरू. आधी बहिणीशी गुडघेदुखी, मग मुलाशी गळका नळ. ‘आई, ठेव आता, ऑफिसात आहे मी.’ ती कसली ठेवतेय. मी तिचं नाव भोंगाबाई ठेवलंय.

५ ऑक्टोबर
मुद्दाम मागच्या सीटवर बसले. भोंगाबाई मागे आली. शेजारी पर्स ठेवली होती, तर ‘जरा घेता का?’ म्हणून बसलीच. डोकं उठलं.

कामावर, चष्म्याच्या दुकानातही तेच. एक गिऱ्हाईक फोनवर बोलत फ्रेमा बघत होतं. ‘हीच ना?’ विचारलं, मान हलली. मी काचा कापायला दिल्या. नंतर म्हणतो, मान फोनवाल्याला हलवली होती. मालक डाफरले ते माझ्यावर.

घरी आल्यावर सगळा राग यांच्यावर निघाला. हे म्हणाले, ‘लोकांच्या फोनवर चिडतेस, स्वतः एक फोन करत नाहीस.’ म्हणजे ठकीला. पुन्हा तेच! पोटची पोर न सांगता लग्न करते. दोन वर्षं झाली, तिच्या सासूचं तोंडही मी पाहिलेलं नाही. फोन तिने करायचा. मी नाही.

९ ऑक्टोबर
कानात कापूस घालून जाते. कंडक्टरकडे तक्रारही केली. ‘बघतो,’ म्हणाला.

भोंगाबाई उतरते माझ्याच थांब्यावर, आणि रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट बघते. डोकं ठिकाणावर नसावं.

११ ऑक्टोबर
कापूस विसरले.

स्पीकरमधून आवाज आला — ‘आई, गोळी घेतलीत का?’ ठकी. माझी ठकी! शेवटचा शब्द ओढायची सवय, त्यावरून कितीदा ओरडले असेन. म्हणजे ही भोंगाबाई तिची सासू. आणि तिला ती आई म्हणते.

ठकी खोकत होती. सासूने विचारलं, ‘तुझी आई काय करायची गं खोकल्यावर?’ ठकी म्हणाली, ‘वाफ द्यायची. टॉवेल घेऊन माझ्याबरोबर स्वतःही आत बसायची.’

खिडकीकडे तोंड करून रडले. भोंगाबाईला ओळख दिली नाही. कुठल्या तोंडाने देणार?

१२ ऑक्टोबर
कापूस नेलाच नाही. ती फोन कधी काढतेय असं झालं होतं. काढला, स्पीकर लावला, तोच कंडक्टर हजर. ‘बाई, स्पीकर बंद. तक्रार आहे.’ चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी हूं की चूं केलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन पिशवीत टाकला.

१३ ऑक्टोबर
बस शांत. जीव नुसता वरखाली.

१५ ऑक्टोबर
आजही शेजारीच बसली. गप्प. घरी आल्यावर ठकीचा नंबर काढला, फोन ठेवला. परत काढला, परत ठेवला. खोकला थांबला असेल का? वाफ घेते का कोणी तिच्याबरोबर? हे विचारतात, ‘काय शोधतेयस?’ ‘काही नाही.’ डाळ करपली.

१६ ऑक्टोबर
शेवटी विचारलंच, ‘सूनबाईचा खोकला कसाय?’

ती हसली. ‘किती दिवस घसा कोरडा करतेय मी! मला इकडे कामच नसतं हो, विहीणबाई. फोटोत पाहिलं होतं तुम्हाला, आणि या बसने जाता हे पोरीच्या बोलण्यात आलं होतं. पोरीचा आवाज तुमच्या कानावर पडावा, म्हणून यायचे. तिला पत्ता नाही यातल्या कशाचा.’

मग फोन मी लावला. बसमध्येच, स्पीकरवर, विहीणबाईंनाही ऐकू यावं म्हणून. ‘आई?’ — तसंच, ओढून. मागून कोणीतरी ‘अहो बाई, स्पीकर’ म्हणालं. मी आधी खोकल्याचं विचारलं.